न वाजवलेली घंटा

द्वारका, दिल्ली, १२ सप्टेंबर

अंशुमन,

वर 'प्रिय' नाही. घाईत राहून गेलं असेल म्हणून शोधत बसू नकोस, मुद्दामच घातलेलं नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. ऑफिसात फोन लावला तर तुझी रिसेप्शनवाली म्हणते, सर मीटिंग में हैं, मॅम. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, संध्याकाळी विचारलं तर सर निकल गये. ठीक आहे. स्पीड पोस्ट ब्लॉक करता येत नाही, अगदी गुरगावातही नाही. अख्खी नोकरी मी मंत्रालयात कागद लिहिण्यात घालवली, त्यात आणखी चार लिहायला मला काही जड नाही.

ब्लॉक करायच्या आधी तू लिहिलंस, 'घंटा तू मुद्दाम वाजवली नाहीस. माझं वाटोळं केलंस.' मी ते राघवला वाचून दाखवलं. तो म्हणाला, दोन दिवस जाऊ दे, उतरेल त्याचा राग. राघवचं काय, नवरा म्हणून चांगला आहे, पण त्याला सगळ्यांचेच राग उतरतील असं वाटतं. माझा उतरलेला नाही.

वाटोळं म्हणजे काय रे? मंडळाच्या गणपतीत दरवर्षी वाद होतो तसा यंदाही झाला. विषय होता, अतिश्रीमंतांवरचा इन्कम टॅक्स वाढवावा का. आपल्या वादाचा नियम आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, पण टॅक्स वाचवायला तुझ्याकडे येणाऱ्या बड्या क्लायंटना तो कुणी सांगायचा? तूच ना? एकच माणूस उभा राहतो. पाच मिनिटं एका बाजूने बोलतो. घंटा वाजते. मग त्याच माणसाने पुढची पाच मिनिटं स्वतःलाच खोडून काढायचं. शेवटी लोक हात वर करून सांगतात, कुठला अर्धा खरा वाटला. बाबांनी सुरू केलेला खेळ. सगळी सरकारी मंडळी, साहेब बदलला की आधीची टिपणी उलटी करून लिहायची सवय असलेली, त्यांना तो आवडणारच. घंटाही आपलीच, आईच्या देव्हाऱ्यातली. बाबा होते तोवर ते वाजवायचे, आता मी वाजवते.

तू टॅक्स वाढवण्याच्या बाजूने सुरुवात केलीस. घंटा वाजली नाही. तू बोलतच राहिलास. साधना परचुरेंच्या इशिताने ते मोबाइलवर घेतलं आणि नेटवर टाकलं. दिल्लीतल्या मराठी लोकांनी पाहिलं, मग हिंदीत खाली ओळी टाकून बाकीच्यांनीही पाहिलं. यात मी कुठे आले?

तरी सांगते, ऐक. तेव्हाच प्रसादाच्या कुपनांचा घोळ झाला होता. साधना माझ्या कानाशी येऊन बसली होती. वरचा पंखा खडखड करत होता. घंटा हातात होती की टेबलावर, हेसुद्धा मला आता आठवत नाही. माणसाचं लक्ष चुकतं. एवढ्यावरून कुणी सख्ख्या बहिणीला ब्लॉक करतं का?

कृतिकाच्या लग्नाचा हॉल ठरला. सहा डिसेंबर. मामाला आधी कळवायची पद्धत आहे म्हणून कळवते आहे.

वृंदा गद्रे


द्वारका, २९ सप्टेंबर

अंशुमन,

तुझं उत्तर मिळालं. कुरिअरने, फर्मच्या कागदावर, टाइप केलेलं, इंग्रजीत. खाली पूर्ण नावाची सही. पहाडगंजच्या शाळेत मी तुझा हात धरून तुला न्यायचे, पाटीवर 'श्री' माझ्याच हाताखाली गिरवलास, आणि तू मला 'डियर मिसेस गद्रे' लिहितोस. पाकीट आपलंच आहे ना, ते मी उलटं करून बघितलं.

तुझी अट कळली. मंडळाच्या ग्रुपवर आणि इशिताच्या त्या व्हिडिओखाली मी एक वाक्य लिहायचं, की घंटा वाजवायला मी विसरले. मग तुझे भागीदार ते क्लायंटना दाखवणार, की बघा, म्हाताऱ्या बहिणीची चूक झाली, आमचे साहेब दुसरी बाजू मांडणारच होते. मी हे लिहिलं तर तू लग्नात कृतिकाच्या मागे मामा म्हणून उभा राहणार. नाही लिहिलं तर नाही राहणार. भाचीच्या लग्नाला अट घालणारा मामा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

नाही लिहिणार. का ते विचारू नकोस.

आता तुझ्या उरलेल्या दोन पानांबद्दल. तू म्हणतोस, या देशात मूठभर लोक इन्कम टॅक्स भरतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर भाषणं ठोकतात. माझी पेन्शन, माझं सरकारी दवाखान्याचं कार्ड, राघवच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तुझ्यासारख्यांनी भरलेल्या टॅक्समधून झालं. आणखी पिळलं तर तुझे क्लायंट बॅगा भरून दुबईला जातील, मग बघू म्हणतोस पेन्शन कुठून येते ते. मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. जातील. काही गेलेतही. तुझ्याच सोसायटीतले दोन फ्लॅट वर्षभर बंद आहेत, हे तुझ्या बायकोने, अनुष्कानेच मला सांगितलं होतं, तेव्हा तू नुसता हसला होतास.

पण तुझ्या गेटवरचा गार्ड साबणाची वडी घेतो तेव्हा टॅक्स भरतो की नाही? त्याला कुठली दुबई? माझा टॅक्स कापला जायचा आणि उरलेला पगार हातात यायचा. मला कधी कुणी विचारलं नाही, मॅडम, यंदा या उत्पन्नाला उत्पन्नच म्हणायचं की आणखी काही म्हणायचं? ते विचारायला तू काचेच्या बिल्डिंगचा अख्खा मजला घेऊन बसला आहेस. मी तुला चोर म्हटलेलं नाही. तू जे करतोस ते सगळं कायद्यात बसतं, मला माहीत आहे, कायद्यात बसवणं हाच तुझा धंदा आहे. बाबांनी तुला बाजू बदलायला शिकवलं, तू त्याचं दुकान काढलंस.

आणि नोएडाचा प्लॉट. तो तू अगदी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवलास, वकिली डोकं. हो, प्लॉट विकला तेव्हा टॅक्स कसा वाचेल हे विचारायला मी तुझ्याकडेच आले होते. तू चहा पाजलास आणि वाचवून दिलास. मग काय, आता मी तोंड शिवून बसू? इतकं सोपं असतं का हे, असं मला तेव्हाही वाटलं होतं. तुझ्या चहापुढे बोलले नाही इतकंच.

पुढचं उत्तर मराठीत लिही, नाहीतर लिहू नकोस.

वृंदा गद्रे


द्वारका, २४ ऑक्टोबर

अंशुमन,

काल भाऊबीज झाली.

मी पाट मांडला होता. मांडायचा नाही असं ठरवलं होतं, पण कृतिकाने काढून ठेवला, मग परत उचलायला मला बरं वाटेना. बेल वाजली तर दारात तुझा ड्रायव्हर. हातात बदाम-पिस्त्यांचा डबा, वर सोनेरी कागद, कागदावर तुझ्या फर्मचं नाव. दिवाळीला क्लायंटना पाठवता तोच डबा. आत छापील कार्ड, 'वुई व्हॅल्यू युअर असोसिएशन'. मी काय तुझी क्लायंट आहे? ड्रायव्हर बिचारा घाबरून म्हणाला, साहब ने बोला सबको देना है. मी त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, करंज्या खायला घातल्या आणि डबा त्याच्याच घरी न्यायला सांगितला. यंदाची भाऊबीज त्याची झाली.

रात्री अनुष्काचा फोन आला. तुझ्या बायकोशी माझं भांडण नाही, ते लक्षात ठेव, फोनचा जाब तिला विचारू नकोस. ती म्हणाली, तुझा सगळ्यात मोठा क्लायंट गेला. टॅक्स वाढू नये म्हणून कारखानदारांचं निवेदन तू लिहीत होतास, ते तुझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. भागीदारांनी तुला सांगितलंय की काही दिवस घरी बस. आणि तू बसतोस. सकाळी शर्ट-पँट घालून तयार होतोस आणि बाल्कनीत हवा किती खराब आहे ते बघत बसतोस. ती हे सांगताना रडत होती.

मला वाईट वाटलं. स्पष्ट सांगते, फार वाईट वाटलं. पण म्हणून मी ते वाक्य लिहिणार नाही.

आता लग्नाचं. सकाळी आपल्या पद्धतीने, संध्याकाळी चिरागच्या घरचे मल्होत्रा त्यांच्या पंजाबी पद्धतीने फेरे करवणार. एकाच हॉलमध्ये, म्हणजे आपली पुरणपोळी आणि त्यांचे छोले एकाच पंगतीत. तर परवा चिरागची आई आली होती. म्हणाली, बहनजी, चूडा तो लड़की का मामा ही चढ़ाता है, मामाजी से मिलवाइये ना. म्हणजे आता मामा दोन कामांना लागणार. सकाळी कृतिकाच्या मागे उभं राहायला, आणि तो लाल बांगड्यांचा चूडा तिच्या हातात घालायला. मी म्हटलं, मामाजी बहुत बिज़ी हैं. ती म्हणाली, बिज़ी तो सब हैं जी, पर मामा तो एक ही है. मी त्यांना आणखी चहा घ्या म्हटलं.

माझ्या लग्नात मुहूर्ताला घंटा बाबांनी वाजवली होती. तुझ्याही. तीच घंटा कृतिकासाठी मी वाजवणार आहे. तोवर ताळ्यावर आलास तर ये.

वृंदा


द्वारका, १२ नोव्हेंबर

अंशुमन,

आज करोल बागेत कृतिकाशी माझं भर रस्त्यात वाजलं. चूडा बघायला गेलो होतो. दुकानदाराने हाताचं माप घेता घेता विचारलं, मामाजी साथ नहीं आये? बस, पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर आल्यावर मला म्हणते, 'आई, एक सेंटेन्स है यार. लिहून टाक ना. चिरागच्या मम्मीला काय सांगू मी, की मामा इन्कम टॅक्समुळे आला नाही?' मी म्हटलं, खोटं लिहू? ती म्हणाली, 'खोटं कसं? तूच तर म्हणतेस की लक्ष नव्हतं.' मेट्रोत द्वारकेपर्यंत ती दुसऱ्या डब्यात बसली. माझी मुलगी, दुसऱ्या डब्यात.

तर आता ऐक. राघवलाही मी हे सांगितलेलं नाही.

माझं लक्ष होतं. कुपनांचा घोळ आधीच मिटला होता. साधना शेजारी होती, पण तीही तुझंच ऐकत होती. घंटा माझ्या हातात होती. नुसती हातात नाही, आवाज होऊ नये म्हणून आतला लोलक मी बोटांनी धरून ठेवला होता. विसरले असते तर मी तुझ्या पहिल्या फोनलाच तसं लिहून दिलं असतं आणि मोकळी झाले असते. मी विसरले नाही. कळलं?

तुझी पहिली पाच मिनिटं ठीकठाक होती. रस्ते, दवाखाने, बाहेरच्या देशांतले दर, सगळं पुस्तकी. एक-दोन काका पेंगत होते. मग तू माझ्याकडे बघितलंस, घंटेसाठी. मी वाजवली नाही. तू घसा खाकरलास, आणि मग म्हणालास, 'पगारदाराला सरकार सांगतं टॅक्स किती. माझ्याकडे जो येतो त्याला मी विचारतो, किती भरायचाय?' पेंगणारे जागे झाले. तू म्हणालास, 'तो जो आकडा सांगतो तो मी कायद्यात बसवून देतो. नुसता दर वाढवलात तर त्याला झळ लागणार नाही, माझी फी तेवढी वाढेल. म्हणून दर वाढवा, आणि मी ज्या वाटांनी त्यांना नेतो त्या आधी बुजवा. त्या कुठे आहेत ते मी दाखवतो.' आणि दाखवल्यास. एकेक. नाव न घेता, पण ज्याच्या त्याच्या लक्षात यावं असं. नेटवर फिरतंय ते हेच, पहिल्या पाच मिनिटांतलं एक अक्षरही कुणी बघितलेलं नाही.

मध्ये तू पुन्हा माझ्याकडे बघितलंस. तेव्हाही मी वाजवली नाही.

का, ते सांगते. उलट्या बाजूने तू रोज बोलतोस, त्याचे पैसे घेतोस. ते मी जेवणाच्या टेबलावर ऐकलंय, लग्नांत ऐकलंय, आईच्या तेराव्याला ऐकलंय. वाजवली असती तर तू बाबांनी शिकवलंय तसं वळला असतास आणि स्वतःला खोडून काढलं असतंस, फार छान खोडलं असतंस, टाळ्या पडल्या असत्या आणि आपण सगळे साबुदाण्याची खिचडी खायला गेलो असतो. मला तो खेळ त्या दिवशी नको होता. किती वर्षांनी माझा भाऊ बोलत होता आणि मला तो ऐकायचा होता. ही माझी चूक असेल तर असू दे, मी ती पुन्हाही करेन.

हे पत्र बंद करायच्या आधी मी मंडळाच्या ग्रुपवर आणि त्या व्हिडिओखाली लिहून टाकलंय. शब्द असे आहेत: 'घंटा माझ्या हातात होती. वेळ झाली तेव्हा मी ती वाजवली नाही. विसरले नाही, वाजवली नाही. नियमाप्रमाणे अंशुमन देवस्थळींना यानंतर दुसरी बाजू मांडायची होती आणि ती त्यांनी मांडली असती. ती संधी मी त्यांना दिली नाही. वृंदा गद्रे.'

तुला हवं होतं तसं नाही. पण तुझ्या भागीदारांना दाखवायला पुरेल. आता ये.

वृंदा


द्वारका, २६ नोव्हेंबर

अंशुमन,

अनुष्काने निरोप दिला. 'तिला सांग, तिला भाऊ नाही.' एवढंच ना? बरं.

मी लिहिलेल्याने आणखी बिघडलं, असंही ती म्हणाली. लोकांनी खाली लिहिलं, बघा, बहिणीलासुद्धा ठाऊक होतं हा मनापासून बोलतोय. तुझ्या भागीदारांनी राजीनामा मागितला. मी खोटं लिहिलं असतं तर तू वाचला असतास, खरं लिहून मी तुला बुडवलं. असं तुझं म्हणणं. असेल. मला तुझ्या लोकांचं डोकं कळत नाही.

पण एक माझ्या माथी मारू नकोस. तुझ्या हातावर घड्याळ होतं. दोनदा माझ्याकडे बघितलंस म्हणजे वेळ झाल्याचं तुला माझ्याआधी कळलं होतं. थांबायचं होतंस. 'ताई, घंटा,' म्हणायचं होतंस, मी वाजवली असती. तू नाही म्हणालास. मी फक्त हात धरून बसले, तोंड तुझं चालू होतं.

तुला आठवतं का, शाळेत असताना तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा बाबांनी वाक्याच्या मध्येच घंटा वाजवली होती? विषय काहीतरी सिनेमाचा होता. तुला दुसऱ्या बाजूने एक शब्द सुचेना. म्हणालास, पण मला खरंच तसं वाटत नाही. सगळा हॉल हसला आणि तू सरळ उतरून बाहेर गेलास. रडत होतास. बाबा घरी येऊन म्हणाले, याला जमणार नाही. त्याचं तुला इतकं लागलं की तू आयुष्यभर जमवून दाखवलंस. शाब्बास. आता बाबा नाहीत, कुणाला दाखवतोयस?

लग्नाला येऊ नकोस. पुण्याहून पुष्कर येतोय, मावसभाऊ असला तरी मामाच तो. तो उभा राहील, तोच चूडा घालेल. त्याला मी अट विचारली, तो म्हणाला, पुरणपोळीवर तूप भरपूर पाहिजे.

तुझं नाव पत्रिकेत छापून झालं होतं, ते तेवढं राहिलं. पैसे वाया जातील म्हणून पुन्हा छापल्या नाहीत.

वृंदा गद्रे


द्वारका, ८ डिसेंबर

अंशुमन,

तू यायच्या आधी लग्नात काय चाललं होतं हे तुला माहीत नाही. कुणी सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं असेल. म्हणून लिहिते.

सगळं वेळेवर होतं. चिराग पाटावर, समोर अंतरपाट, इकडे कृतिका, तिच्या मागे पुष्कर नवा कुर्ता घालून. लोकांच्या मुठीत अक्षता. सुखदा मंगलाष्टकं म्हणत होती, आपली शेवटची गायिका तीच उरली आहे. मी बाजूला घंटा घेऊन उभी. विश्वनाथ गुरुजींनी आधीच बजावलं होतं, मी बोट वर केलं की वाजवायची, की मग अंतरपाट काढतो.

गुरुजींनी बोट वर केलं. मी वाजवली नाही.

तू येशील असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी दाराकडेही बघत नव्हते. मी पुष्करकडे बघत होते. तो नीट उभा होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण हातच हलेना. पुन्हा तसाच लोलक बोटांत धरलेला. गुरुजींनी पुन्हा बोट केलं, मग अख्खा हात केला, मग डोळे मोठे केले. सुखदा बिचारी थांबली, मग कुणीच काही करत नाही हे बघून तिने पुन्हा पहिल्यापासून मंगलाष्टकं सुरू केली. लोकांनी अर्ध्या अक्षता टाकून टाकल्या. मल्होत्रांना वाटलं आपल्यात असंच असतं, ते हात जोडून छान उभे होते. राघव माझ्या कानात म्हणाला, 'वृंदा, वाजव ना गं.' मी म्हटलं, थांब. अंतरपाटाच्या अलीकडून कृतिकाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. करोल बागेत रडली तेव्हाचाच चेहरा. सुखदा त्याच ओळीवर तिसऱ्यांदा आली, तिचा आवाज बसला होता.

गुरुजी मोठ्याने म्हणाले, 'अहो बाई, मुहूर्त चाललाय.' मी म्हटलं, जाऊ द्या.

आणि तू आलास. ऑफिसच्या कोटात, बूट दारात काढायचं विसरून, एक मोजा खाली घसरलेला. कुणाकडे बघितलं नाहीस. पुष्करला खांद्याला धरून बाजूला केलंस, तो हसतच सरकला. कृतिकाच्या मागे उभा राहिलास आणि माझ्याकडे बघितलंस. तिसऱ्यांदा. म्हणालास, 'वाजव.'

मी वाजवली. जोरात वाजवली. साधना म्हणते इतक्या जोरात की केटररची माणसं आतून धावत आली. अक्षता कुणाकडे फारशा उरल्या नव्हत्या, तरी पडल्या. कृतिका मागे वळून तुझ्या गळ्यात पडली, हार नवऱ्याला घालायचा विसरून. मल्होत्राबाई त्यांच्या रिवाजाप्रमाणे लस्सीत भिजवलेला चूडा घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, 'मामाजी आ गये? चलो जी.' संध्याकाळपर्यंत थांबायला त्या तयार नव्हत्या, पुन्हा हा मामा पळाला तर? तू बांगड्या चढवल्यास, एक अडकली तेव्हा तुझी जीभ लहानपणासारखी दातांत आली.

मग गेलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. 'वाजव' तेवढं धरलं तर धर.

जेवला नाहीस, ते मला लागलं. डबा तुझ्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. काल तो परत आला, रिकामा, घासून. अनुष्का म्हणते तू ओट्याशी उभ्याने खाल्लंस, पोळी थंडच. राजीनामा दिलास हेही तिनेच सांगितलं. त्यांनी मागितला म्हणून दिला की आपण होऊन दिला, ते ती सांगेना.

मी माफी मागणार नाही. घंटा दोनदा अडवली, दोन्ही वेळा माझ्याच मनाने. आणि टॅक्स वाढवावा हे माझं मत तसंच आहे, तुझं काहीही होवो. तुझा दुसरा अर्धा मंडळाकडे बाकी आहे, ते साधनाने तुला कळवायला सांगितलंय. पुढच्या गणपतीत येऊन बोलायचं असेल तर बोल श्रीमंतांच्या बाजूने, मी ऐकेन, हात वर करणार नाही.

कृतिका तुला फोन करते असं म्हणाली, तो उचल. मीही काल लावून बघितला, अजून ब्लॉकच आहे. राहू दे. पत्ता आहे माझ्याकडे.

ताई